तुम्ही विचारलंत म्हणून: मग दिवसभर खातेस तरी काय?

हल्ली मी व्हीगन खाऊन बघतेय हे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अगं मग दिवसभर खातेस तरी काय?" कुणी खरंच काळजीने विचारतं, कुणाला वजन कमी करायचं असतं, आणि काहींना नुसता वाद घालायचा असतो ते चेहऱ्यावरूनच कळतं. दर वेळी मी "काही विशेष नाही गं, भाज्या, डाळी, फळं" असं म्हणून सुटते, पण ते उत्तर अर्धवट आहे. म्हणून आज एकदाचं सगळं सांगून टाकते, एका साध्या दिवसाचं, सकाळपासून.

व्हीगन म्हणजे मांस, मासे, अंडी नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यापुढे दूध, दही, लोणी, चीज आणि मधही नाही. आणि खरं सांगू का, दोन वेळचं जेवण हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडतं ते दुधापाशी. मांस सोडलं की ताटात रिकामी जागा दिसते, माणूस तिथे दुसरं काहीतरी वाढून घेतो. दुधाची जागा दिसतच नाही कारण ते वेगळं असं कधी नव्हतंच, कॉफीत होतं, बिस्किटात होतं, सूपवर होतं, आणि तिथूनच प्रोटीन, कॅल्शियम, बी12 जीवनसत्त्व, आयोडीन असं सगळं मुकाट्याने पुरवत होतं. ऑफिसात चौघांचं काम गुपचूप करणारा एक जण असतो आणि तो रजेवर गेला की मगच सगळ्यांना कळतं ना, तसं.

तर सकाळ. कॉफी. गरम कॉफीत थंड सोया दूध ओतलं की दोन सेकंद छान रंग येतो आणि मग कडेने बारीक पांढरे कण वर यायला लागतात, चमचा फिरवला की अजूनच, शेवटी कप बघवत नाही. दूध खराब नसतं. कॉफी आंबट असते आणि वर गरम, या दोन्हींमुळे सोयाचं प्रोटीन गोळा होतं, टोफू (सोया दुधाचं पनीर) बनतो तोही थोडाफार असाच, म्हणजे तुम्ही कपात टोफू करायला घेतलेला असतो. उपाय सोपा आहे, दूध आधी वेगळं कोमट करायचं आणि दुधात कॉफी हळूहळू ओतायची, उलटं नाही. जास्त भाजलेल्या बियांची कॉफी कमी आंबट असते, तिच्यात त्रास कमी. 'बरिस्ता' लिहिलेल्या दुधात बऱ्याचदा आंबटपणा सांभाळणारे फॉस्फेट घातलेले असतात म्हणून ते फाटत नाही, फक्त साखर किती आहे ते बघून घ्या.

बदामाचं दूध घेऊ का, हा उपप्रश्न नेहमी येतो. चवीला घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण ते दुधाच्या जागी घेताय असं समजू नका. सोया दुधात 100 मिलीला साधारण 3 ग्रॅम प्रोटीन असतं, गायीच्या दुधाच्या जवळपास. बाजारातल्या बदामाच्या दुधात बहुतेक वेळा 1 ग्रॅमसुद्धा नसतं, ते मुख्यतः पाणी आहे. आणि कुठलंही घ्या, ओतायच्या आधी पॅक जोरात हलवा, कारण वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, आणि न हलवता ओतत राहिलात तर ते शेवटी पॅकबरोबर कचऱ्यात जातं.

नाश्त्याला ओट्स, सोया दुधात भिजवलेले, वर केळं, दोन मोठे चमचे पीनट बटर (नावात बटर असलं तरी लोण्याशी काही संबंध नाही, हे मला अनेकांना सांगावं लागलंय) आणि जवसाची पूड. जवस अख्खं खाऊ नका, त्याचं टरफल कडक असतं, दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो आणि आतलं ओमेगा 3, म्हणजे शरीराला लागणारी चांगली चरबी, काही मिळत नाही. मिक्सरमधून थोडंच काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा, लवकर खवट होतं.

आणि नाश्त्याबरोबर बी12 ची गोळी. इथे जरा थांबते कारण इथेच लोक सगळ्यात जास्त हुज्जत घालतात. "नैसर्गिक आहार असेल तर गोळी कशाला लागते?" बी12 झाडंही बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते बनवतात जिवाणू, आणि प्राण्यांमार्फत ते आपल्यापर्यंत येतं. प्राणी बाजूला काढले की रस्ता बंद. प्रौढ माणसाला दिवसाला 2.4 मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं, पण ते नसेल तर रक्त आणि नसा दोन्हींवर परिणाम होतो. फसवं काय आहे तर यकृतात साठा असतो आणि तो बऱ्याचदा काही वर्षं पुरतो, त्यामुळे "मी इतके दिवस घेतलं नाही, मला काही झालं नाही" असं म्हणणारा माणूस जुन्या साठ्यावर जगत असतो. मग हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, आणि नसांचं नुकसान जास्त झालं तर ते दर वेळी भरून येतंच असं नाही. भाज्यांमधून फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच) भरपूर मिळत असल्याने रक्ताच्या साध्या तपासणीत गडबड लपूही शकते. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात बी12 असतं म्हणून सांगणारे भेटतील, त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला चालणारं नसतं. गंमत म्हणजे 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी काढली तेव्हा बी12 अजून वेगळं काढलंच गेलं नव्हतं, ते झालं 1948 ला. त्या लोकांकडे माहिती नव्हती, आपल्याकडे आहे, मग हट्ट कशाला? कुठली गोळी, किती ताकदीची, रोज की आठवड्याला, हे डॉक्टरांना विचारा, पण घ्या.

अकराच्या सुमारास कुणीतरी बिस्किटाचा पुडा पुढे करतं. पाकिटाच्या मागे मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, लॅक्टोज असं काहीही असलं तर ते दूधच. चिप्सच्या मसाल्यातही सापडतं, ब्रेडमध्ये सापडतं. ई120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई904 म्हणजे लाख, तीही किड्यांचीच, गोळ्या-चॉकलेटं चमकवायला लावतात. जेलीतलं जिलेटिन हाडाकातड्यापासून. आणि 'दुधाचा अंश असू शकतो' अशी ओळ दिसली तर घाबरू नका, ती अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी असते, त्याच मशीनवर दुधाचा मालही बनतो इतकाच तिचा अर्थ. मी तो पदार्थ खाते. काही जण खात नाहीत, त्यांचं त्यांच्यापाशी.

दुपारचं जेवण म्हणजे भात, मसूर, एखादी हिरवी भाजी, आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही बरं का, डाळी-भाज्यांमधलं लोह शरीर सहज घेत नाही, सी जीवनसत्त्व बरोबर असलं तर जास्त घेतं. चहा-कॉफी उलटं करतात, म्हणून जेवणानंतर तास-दीड तास मी कपाला हात लावत नाही. बास, जेवणाबद्दल एवढंच. सांगितलं ना सोपं आहे.

हां, प्रोटीन. वजनाच्या किलोला 0.8 ग्रॅम असा साधा हिशोब धरला तर 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम होतात. ओट्समधून 6, पेलाभर सोया दुधातून 8, पीनट बटरमधून 7, वाटीभर शिजलेल्या मसुरातून 14 आणि रात्रीच्या 100 ग्रॅम घट्ट टोफूतून 12 च्या आसपास, इथेच 47 झाले, भात आणि ब्रेडचे अजून मोजलेच नाहीत. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी आणि मेथिओनिन डाळीत कमी हे खरं आहे पण दोन्ही एकाच घासात खायची गरज नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. व्यायाम जोरात करत असाल किंवा वय जास्त असेल तर आकडा वाढवावा लागेल.

चार वाजता मात्र भूक लागते आणि ती साधीसुधी नसते, माणूस चिडचिडा होतो. भाज्या-डाळींनी पोट भरतं पण त्यात पाणी आणि चोथा जास्त, कॅलरी कमी, त्यामुळे पोट तट्ट आणि तरी ऊर्जा नाही असं होतं. "मला व्हीगन झेपलं नाही, सारखा थकवा यायचा" म्हणणारे बरेच जण माझ्या मते नुसते कमी खात असतात. मूठभर बदाम-शेंगदाणे, भाजलेले हरभरे, टोस्टवर पीनट बटर, हे चारच्या आधीच हाताशी पाहिजे. सुरुवातीला गॅस होतो, लपवण्यात अर्थ नाही, कडधान्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि प्रमाण हळूहळू वाढवा, पोट सरावतं.

संध्याकाळी बाहेर जायचं असेल तर संवाद असा होतो, "यात लोणी, क्रीम काही नाही ना?" "नाही नाही मॅडम, काहीच नाही." ताट येतं. "हे वर पांढरं काय आहे?" "ते फक्त डेकोरेशनला क्रीम." यावर चिडून उपयोग नाही, त्याच्या डोक्यात क्रीम म्हणजे पदार्थ नाहीच. आता मी "दुधाची अ‍ॅलर्जी आहे" असं खोटं सांगत नाही, कारण ज्यांना खरंच आहे त्यांच्या बोलण्याची किंमत कमी होते. पदार्थांची नावं घेऊन एकेक विचारते. कुणाच्या घरी जाताना आदल्या दिवशी फोन करते आणि सगळ्यांना पुरेल असं एक काहीतरी घेऊन जाते, ताटावर बसून चौकशी करणं मला आवडत नाही.

रात्री टोफू. बेचव लागतो ही तक्रार खरी आहे कारण बहुतेक लोक तो पाण्यासकट कढईत टाकतात. फडक्यात गुंडाळून वर जड काहीतरी ठेवा, अर्ध्या तासाने हाताने ओबडधोबड तोडा, सुरीने कापू नका, खरखरीत कडा जास्त कुरकुरीत होतात. मीठ, तिखट आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा, तेल चांगलं तापू द्या आणि घातल्यावर ढवळायची घाई करू नका, खालची बाजू सोनेरी झाली की तो आपोआप सुटतो. कॅल्शियम सल्फेट घालून घट्ट केलेला टोफू मिळाला तर कॅल्शियमचीही सोय होते. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यात कॅल्शियम आहे पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, दुधातलं साधारण 30 टक्के अंगी लागतं तर पालकातलं जेमतेम 5 टक्के. मीठ आयोडीनवालं घ्या, महागडी गुलाबी मिठं बऱ्याचदा बिनआयोडीनची असतात.

आणि चीजचं काय, हे तर सगळेच विचारतात. व्हीगन चीज म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं खोबरेल तेल आणि स्टार्च असतं, प्रोटीन नावालाच, वितळतंही धड नाही, टाळ्याला चिकटतं. मी पिझ्झा चीजशिवायच मागवते, सॉस डबल, मशरूम आणि ऑलिव्ह जास्त, आणि गरम असतानाच संपवते कारण गार झाल्यावर तो काही खास लागत नाही.