सेसिलविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

"युद्धे रोखण्यासाठी स्थापलेला राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) बुडाला, दुसरे महायुद्ध झालेच, मग त्या रॉबर्ट सेसिलविषयी तुम्ही एवढ्या आदराने का बोलता?" इतिहास शिकवू लागल्यापासून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

ब्रिटिश राजकारणी सेसिलचा जन्म १८६४ मधला. वडील लॉर्ड सॉलिसबरी तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्यानंतर ते पद आतेभाऊ आर्थर बॅलफोरकडे गेले. अशा घराण्यातल्या माणसाला सत्तापद सांभाळून सुखाने राहता आले असते. परंतु नौदल-कपातीची जिनिव्हा परिषद फसली तेव्हा, १९२७ मध्ये, त्याने मंत्रिपद सोडले.

माझ्या आदराचे मूळ मात्र त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात आहे. १९१६ मध्ये सेसिल नाकेबंदी खात्याचा मंत्री झाला. जर्मनीला धान्य, चरबी, कापूस तटस्थ देशांमार्फतही मिळू नये, हे पाहणे त्याचे काम होते. त्याच वर्षी त्याने पुढली युद्धे कशी टाळता येतील याविषयीचे टिपण मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांपुढे ठेवले. व्यापार तोडल्याने बलाढ्य राष्ट्रही कसे जेरीस येते हे तो रोज पाहत होता, आणि हेच हत्यार युद्ध जिंकण्याऐवजी युद्ध रोखण्यासाठी सर्व राष्ट्रांनी मिळून वापरावे, असे त्याला वाटू लागले. १९१९ मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची सनद लिहिणाऱ्यांत तो होता. वाद आधी लवाद, न्यायालय किंवा संघाच्या परिषदेपुढे न्यावा, निर्णयानंतरही तीन महिने थांबावे, आणि हे मोडून युद्ध पुकारणाऱ्याशी सर्वांनी व्यापार तोडावा, अशी तजवीज त्या सनदेत आहे. १९१४ च्या जुलैअखेर अवघ्या काही दिवसांत युरोप युद्धात लोटला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तीन महिन्यांचे मोल कळते. मला तरी ही कल्पना भाबडी वाटत नाही.

पुढे तो सरकारांपेक्षा लोकांकडे वळला. १९३४-३५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन शांततेविषयी मते गोळा करण्यात आली. सुमारे १ कोटी १६ लाख लोकांनी उत्तरे दिली आणि आक्रमकाची आर्थिक कोंडी करावी, याला १ कोटीहून अधिक लोकांनी होकार दिला.

१९३५ च्याच ऑक्टोबरमध्ये इटलीने ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले खरे, परंतु इटलीचे रणगाडे आणि विमाने ज्यावर चालत होती ते तेल त्या यादीत कधीच आले नाही.