तुमचा लोड काय?

तुमचा लोड काय, म्हणजे रायफलीची काडतुसं हाताने भरताना कुठली गोळी आणि किती पावडर घालता, हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच आणि सविस्तर सांगतो: मी माझं पावडरचं माप कुणाला देत नाही. बाकी सगळं आजवर ज्याने विचारलं त्याला सांगितलंय. ६.५ क्रीडमूर हे काडतूस, बर्गरची १४० ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक), लापुआची पुंगळी, एच४३५० पावडर. यात गुपित काही नाही, लांब पल्ल्याच्या रेंजवर याच्या आसपासचं काहीतरी वापरणारे ढीगभर लोक भेटतात. पण त्यानंतर "आणि पावडर किती?" आलं की मी गप्प बसतो. मग कुणी मला कंजूष म्हणतं, कुणी म्हणतं याला स्पर्धेत मागे पडायची भीती वाटते. मागे मी तसाही पडतोच, त्यासाठी कुणाला माझा लोड चोरावा लागत नाही.

पहिलं कारण तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. तुमच्या बॅरलचा थ्रोट, म्हणजे गोळी नळीत शिरते ती जागा, माझ्यासारखा नाही. पुंगळीच्या आत जागा किती, हे कंपनीगणिक बदलतं. पावडरचा एखादा लॉट आधीच्यापेक्षा तेज निघतो. या काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि तो सगळा दाब तुमच्या गालाशेजारी तयार होत असतो. ज्या आकड्यावर माझा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) अलगद उघडतो, त्याच आकड्यावर तुमचा तळहाताने ठोकावा लागेल. काडतुसं भरायचं मॅन्युअल काढा, सुरुवातीच्या मापापासून चढत जा, दाब वाढल्याच्या खुणांसाठी प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) आणि पुंगळीचं बूड बघत जा. हे ऐकून तुम्ही मान डोलावता, पटलं म्हणता आणि दोन मिनिटांनी विचारता, "तरी, साधारण किती?"

दुसरं कारण सांगायचं मी टाळत आलो, कारण त्यात एक माणूस दुखावला गेलाय.

तो वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. हुशार, वाचन भरपूर, नेमही चांगला. मला दादा म्हणायचा. त्याच्याकडे अजून काडतुसं भरायचा प्रेस नव्हता, म्हणून त्याच्या रायफलीसाठी मी लॅडर भरून द्यावी अशी त्याची विनंती होती: नऊ पाकिटं, प्रत्येकात तीन काडतुसं, दर पाकिटाला ०.३ ग्रेन पावडर वाढत जाणारी. मी त्याला महिनोन्‌महिने सांगत होतो की तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून, म्हणजे कागदावर त्यांची भोकं किती जवळ पडली यावरून, काही ठरवू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी. "दादा, तुम्हीही असंच शोधलंत ना?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मीही असंच शोधलं होतं.

मी पाकिटं भरली. नऊच्या नऊ पाकिटांत एकच माप. मॅन्युअलमधलं सुरुवातीचं, सौम्य. वर फक्त १ ते ९ असे आकडे घातले. रेंजवर त्याने विचारलं, "०.३नेच वाढवलंय ना?" आणि मी मान हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही, अशी समजूत मी नंतर बरेच दिवस घालत होतो. ती समजूत काही कामाची नाही.

गोळीचा वेग मोजणारा रडार क्रोनोग्राफ माझा होता, त्याचा स्क्रीन मी माझ्याकडे वळवून ठेवला. वेग सगळे मिळून शेवटी बघू म्हटलं. वारा जवळजवळ नव्हताच, अंतर शंभर यार्ड. तो शिस्तीत मारत होता: प्रत्येक पाकिटाला वेगळं लक्ष्य, मध्ये बॅरल थंड होऊ द्यायची, प्रत्येक पुंगळी उचलून बुडाशी बघायची. कागद उतरवून बाकावर पसरले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. पहिला ग्रुप बेताचा. दुसरा, तिसरा आकसत गेलेले. चौथ्या पाकिटाची तीन भोकं बेलाच्या पानासारखी एकमेकांना चिकटलेली. पाचवाही घट्ट. सहाव्यापासून उघडायला लागलेला, सातव्यात एक गोळी पार बाहेर. आठवा बरा, नववा विस्कटलेला. ज्याला आपण नोड म्हणतो, म्हणजे ज्या मापाच्या आसपास ग्रुप घट्ट होतात असं मानतो, तो असा समोर मांडलेला होता. चित्र काढायला सांगितलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

"दादा, सापडला! चार आणि पाचच्या मध्ये." तो लगेच पुढचं बोलायला लागला. सातव्यात हार्मोनिक्स (बॅरलची थरथर) कसे बिघडलेत, चारच्या आसपास आता सीटिंग डेप्थ (गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते) कशी बघायची. पेनने चौथ्या ग्रुपभोवती गोल काढला.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. पहिल्या पाकिटापासून नवव्यापर्यंत वेग वाढलाच नव्हता. तो म्हणाला, मशीन बिघडलंय. मग म्हणाला, सेटिंग चुकलं असेल. मग माझ्याकडे बघितलं.

तिथे हशा झाला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद गोळा केले, रायफल केसमध्ये घातली आणि इतकंच म्हणाला, "हे सांगून केलं असतं तरी चाललं असतं." गाडीपर्यंत मी बोलत राहिलो, तो ऐकत राहिला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. आता दादा म्हणत नाही.

मी चूक केली का? मला अजून तसं वाटत नाही. सांगून केलं असतं तर त्याने ग्रुप त्या नजरेने पाहिलेच नसते आणि दोघांनाही काही कळलं नसतं. पण चेष्टेची मजा मला आधीपासून वाटत होती, हेही खरं. पाकिटांवर आकडे घालताना मी हसत होतो.

त्या कागदांमागचा हिशेब साधा आहे. एकाच लोडचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारत राहा, त्यातला सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या तिप्पट निघणं ही रोजचीच गोष्ट. तीनऐवजी दहा गोळ्या मारल्या तर तोच लोड सरासरीने दीडपटीहून थोडा मोठा ग्रुप देतो. म्हणजे तुम्ही मला फोनवर जो नाण्याएवढा ग्रुप दाखवता, तो बहुतेक वेळा तुमच्या रायफलीचा चांगला दिवस असतो. डॅन न्यूबेरींच्या ओसीडब्ल्यू या माप शोधायच्या पद्धतीत ग्रुपच्या आकारापेक्षा त्याची जागा बघायची असते, हे सांगायला कुणीतरी उठेलच. बरोबर आहे. पण तीन गोळ्यांचा मध्यबिंदूही भटकतो, आणि त्या भटकण्यातही आपल्याला पायऱ्या दिसतात.

आता माझ्या जुन्या वह्या. त्यांत लाल शाईने गोल केलेले ग्रुप आहेत, खाली "हाच!" असं लिहिलेलं. तो लिहिणारा मी इथे असता तर भांडला असता. म्हणाला असता, तो लोड हजार यार्डांवर चालला की नाही? चालला. अमेरिकेतल्या एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावर हजार यार्डांना दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं असतं, त्याच्या आतलं एक्सचं पाच इंचांचं, आणि त्या लोडने मला त्यांत भरपूर गोळ्या दिल्या. मी म्हणेन, बॅरल चांगली, गोळी चांगली, पुंगळ्या एकसारख्या, मग आजूबाजूचा कुठलाही लोड चालला असता. तो विचारेल, तपासलंस? आणि इथे मी अडकतो. नीट तपासायचं तर प्रत्येक मापाच्या निदान वीस-तीस गोळ्या हव्यात, त्याही वेगवेगळ्या दिवशी. या काडतुसात दोन-अडीच हजार गोळ्यांच्या आसपास बॅरल उतरणीला लागते. थ्रोट तर पहिल्या दिवसापासून पुढे सरकत असतो. उत्तर मिळेपर्यंत ज्या बॅरलबद्दल प्रश्न होता ती राहिलेलीच नसते.

म्हणून माप शोधण्यापेक्षा मी वेग एकसारखा ठेवण्यामागे असतो. दर फायरिंगनंतर ॲनीलिंग (पुंगळीचं तोंड तापवून मऊ करणं), पुंगळीचा खांदा दोन थाऊच (इंचाचे दोन हजारांश) मागे, नेकला म्हणजे तिच्या मानेला आतून मँड्रेल (मापाचा दांडा), आणि पावडर शेवटच्या दाण्यापर्यंत तोललेली. एच४३५०चा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा असतो. तो चिमट्याने उचलून पॅनमधून काढताना घरच्यांनी मला पाहिलंय आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत तेव्हापासून ठाम आहे. हे कशासाठी, तर वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला की या गोळीला हजार यार्डांवर अडीच-तीन इंच वरखाली होतं. ठीक. पण वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने हुकला तर तीच गोळी सहा इंच बाजूला जाते, आणि मी तर दोन मैलांनी चुकणारा माणूस आहे. मग चिमटा कशाला? याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. वारा माझ्या हातात नाही, चिमटा आहे. तीन गोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला हसायचा मला कितपत हक्क आहे, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. विचारत नाही, कारण तुम्हाला आकडा हवा असतो.

सीटिंग डेप्थचं तर मला अजूनच कळत नाही. तिथे फरक पडतो असं मला वाटतं. का वाटतं, तर कागदावर दिसतं. आणि कागदावर काय काय दिसतं ते वर सांगितलंच आहे. तरी नवीन बॅरल आली की मी ती चाचणी करतो, पाच-पाच गोळ्यांची का होईना, आणि त्यातलं एक अंतर निवडतो. तेव्हा मनात तो पेनने काढलेला गोल येतो. तरीही निवडतो.

तर माझं माप मिळणार नाही. पण तुमच्या एकाच लोडच्या तीस गोळ्या, एकाच लक्ष्यावर मारलेल्या, सोबत प्रत्येकीचा वेग, असा कागद घेऊन आलात तर मी हवा तेवढा वेळ बसेन. त्यातली बाहेर गेलेली गोळी "ही माझ्याकडून ओढली गेली" म्हणून वगळायची नाही. तीन भोकांचा फोटो मात्र मला पाठवू नका.