नांगराचा ट्रॅक्टर विमानाला जुंपताना

विमानाच्या पुढे ट्रॅक्टर दिसला की बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ताकदीची. एवढं धूड हा ओढणार कसा? खरं तर या कामात ओढणंच सगळ्यात सोपं. टायरांत हवा नीट असेल तर काँक्रीटवर विमान चालतं ठेवायला त्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के जोर पुरतो. दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान रिकामं सुमारे १७ टनांचं. म्हणजे सपाटीवर ओढ लागते अडीचशे-साडेतीनशे किलोंची. काळ्या रानात तीन फाळी नांगर याहून कितीतरी जास्त मागतो.

पंचाईत होते ती थांबताना. शेतात ट्रॅक्टरमागे जे अवजार लागतं ते मुळात यायलाच नाखूष असतं, क्लच दाबला की नांगर स्वतःच ब्रेक होतो. विमान मात्र खुशीत येतं आणि येतच राहतं. उताराला भरली गाडी बैलांच्या मानेवर येते, तसं ते टो-बारमधून, म्हणजे विमान आणि ट्रॅक्टर जोडणाऱ्या दांड्यातून, ट्रॅक्टरच्या पाठीवर येतं. हिशेब करून बघा. १७ टनांचं विमान ताशी ५ किलोमीटरने, माणसाच्या चालीने, चाललंय आणि ते एका मीटरात थांबवायचंय. त्याला दीड टनाहून जास्त जोर लागतो. अडीच टनांच्या शेती ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवरचं वजन असतं दीड टन, आणि ब्रेक असतात ते फक्त त्याच चाकांना. कोरड्या काँक्रीटवर फार तर टनभर पकड मिळेल, ओल्यावर तिच्या निम्मी. चाकं जाम होतात, ट्रॅक्टर घसरत पुढे जातो.

म्हणून विमान हलवताना कॉकपिटमध्ये ब्रेकवर एक माणूस बसवतात. निघण्याआधी त्याने ब्रेकचा दाब काट्यावर बघायचा असतो, कारण इंजिन बंद असलं की साठलेला दाब तेवढाच हाताशी असतो. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल खिटीने जोडून घ्यायचे. शेतात कोपऱ्यावर वळायला ते सुटे लागतात, पण इथे एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि टो-बार विमानाच्या पायालाच, म्हणजे चाकाच्या दांड्यालाच, पिळतो.

दुसरा इलाज वजनाचा. १३.६-२८ मापाच्या मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरलं तर एका टायरात पावणेदोनशे ते दोनशे लिटर मावतं. त्यावर चाकांना बिडाच्या चकत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाकडे फोर्डसनचे ट्रॅक्टर होतेच. मेल्थमच्या डेव्हिड ब्राऊन कंपनीने १९३९ मध्ये बाजारात आणलेला व्हीएके-१ हा शेतीचा ट्रॅक्टर घेऊन त्यावरून हवाई दलासाठी व्हीआयजी-१ तयार केला. भारदस्त अंग, चाकांवर रुंद पत्रे आणि मागे विंच, म्हणजे तार गुंडाळत ओढणारं यंत्र. ही विंच मला त्यातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते. चिखलात रुतलेल्या विमानापर्यंत ट्रॅक्टर नेला तर तोही रुततो. त्यापेक्षा तो लांब पक्क्या जमिनीवर टेकवून उभा करायचा आणि तारेने विमान सावकाश खेचून घ्यायचं.

जोडणीची जागा खाली हवी. ड्रॉबार, म्हणजे मागची ओढायची पट्टी, मागच्या ॲक्सलच्या मध्याहून खाली असेल तर ओढीने मागच्या चाकांवर भार येतो आणि पकड वाढते. कुणी टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या, जागी हुक लावून ओढलं, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटायला वेळ लागत नाही. शेतातही माणसं याच चुकीने गेली आहेत.

टो-बारमध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन असते. झटका बसला किंवा वळण जास्त झालं की ती तुटते आणि विमानाचा पाय वाचतो. ती तुटल्यावर हाताला लागेल तो जाड, कडक बोल्ट घालणं हा सगळ्यात महागात पडणारा जुगाड. सेसना १७२ सारख्या लहान विमानाचं नाकाचं चाक दोन्हीकडे साधारण ३०° वळतं, त्यापुढे स्टिअरिंगचे अडसर मोडतात. झटका टाळायला सगळ्यात खालचा गिअर, हात-रेस थोडीच वर आणि क्लच अगदी हळू. पुढचं इंजिनाचा वेग कायम राखणारा गव्हर्नर सांभाळतो, तो या कामाला आयताच मिळालेला नोकर.

ट्रॅक्टरच्या तोंडाला पुढून ढकलायची पट्टी बसवली की हँगरमध्ये विमान लावणं सोपं जातं. चालकाला मान वळवावी लागत नाही आणि वळणारी चाकं जोडणीजवळ असल्याने बोटभर अंतरही साधता येतं. पण ट्रॅक्टरला चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने बांधलेले, तोच त्याचा कणा. पट्टी नुसती पुढच्या बिडाला बोल्ट केली, तर प्रत्येक धक्का क्लच हाऊसिंगच्या सांध्यावर जातो. आधी बोल्ट ढिले होतात, मग तेल झिरपतं, मग बीड तडकतं. पट्टीपासून मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल नेले की धक्का थेट मागे पोचतो.

पुढे क्रेन, झाडू किंवा लोडर लावला की दुसरा हिशेब. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १.९ मीटर आणि पुढच्या ॲक्सलच्या पुढे १ मीटरवर ३०० किलोंचं सामान धरा. पुढच्या ॲक्सलवर ३०० नाही, ४५८ किलो चढतात आणि मागून १५८ उतरतात. उतरलेले १५८ म्हणजे गेलेली पकड आणि गेलेला ब्रेक. मागे तीन-पॉइंटवर, म्हणजे अवजार जोडायच्या तीन दांड्यांवर, ॲक्सलपासून ९० सेंटिमीटरवर, ११० किलोंचं वजन टांगलं की हिशेब जुळतो. तरी पुढच्या ६.००-१६ टायरांना सहाऐवजी आठ प्लाय (थर), चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बुशांना वेळच्या वेळी ग्रीस आणि जमलं तर पॉवर स्टिअरिंग. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनकडे कुणी बघत नाही, आणि सगळा भार पेलते ती.

बाकी बदल किरकोळ दिसतात, पण तेच विसरले जातात. उभा सायलेन्सर काढून आडवा, खालून बाजूला न्यायचा, नाहीतर पंखाखाली जाताना तो पंखाला आपटतो किंवा तापवतो. त्याला ठिणगी अडवणारी जाळी हवीच. नांगरटीचे खाचांचे टायर चिखल आणि खडे उचलून थेट विमानांच्या उभं राहण्याच्या जागेवर आणून टाकतात, आणि विमानाच्या इंजिनाने तो खडा ओढला तर पाती जातात. तिथे सपाट नक्षीचे औद्योगिक टायर बरे. पुढच्या झाडूचंही तसंच. स्टीलचे केस छान झाडतात, पण तुटून मागे राहतात आणि मग तेच वेचायला माणूस लावावा लागतो. त्यामुळे नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे केस लावायचे, लवकर झिजले तरी चालतील.