डॉर्ममधल्या रात्री कोणाच्या घरच्या?

यंदा इथे अमेरिकेत मी आयकराचं रिटर्न ई-फाइल केलं आणि ते लगेच नामंजूर होऊन परत आलं. लेकीचा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या एका रिटर्नमध्ये डिपेंडंट, म्हणजे करदात्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून आधीच लागला होता. दुसरं कोण असणार? तिचे बाबा. आमच्या घटस्फोटाच्या कागदपत्रांत ती १८ वर्षांची होईपर्यंतचंच लिहिलंय, कॉलेजबद्दल चकार शब्द नाही. फीचा मोठा वाटा ते भरतात, म्हणून हक्कही आपलाच, असं त्यांनी धरलं.

आपल्याकडच्या माणसाला हे पटेलच. जुन्या करपद्धतीत ८०सी खाली ज्याने ट्यूशन फी भरली त्याची वजावट. पावती दाखवली की विषय संपला. इथे आधी विचारतात, मूल निम्म्याहून जास्त वर्ष कुणाच्या घरी राहिलं? वय २४ च्या आत, किमान पाच महिने पूर्णवेळ शिक्षण, स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च तिने स्वतः केलेला नसावा, या अटी आहेतच.

पण पोरगी तर वर्षातले बरेच महिने डॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात! त्याचं उत्तरही नियमातच आहे. शिक्षणासाठी बाहेर राहणं ही तात्पुरती गैरहजेरी. डॉर्ममधल्या रात्री ती जिथून गेली आणि जिथे परतणार, त्याच घरच्या धरतात. तिची खोली माझ्याकडे, लायसन्सवरचा पत्ता माझा, थँक्सगिव्हिंगला मळक्या कपड्यांची भलीमोठी बॅग येते तीही माझ्याच दारात. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, रुक्ष पुस्तिकेत कुणीतरी याचा विचार करून ठेवलाय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. डबे, ताप, शाळेच्या मीटिंगा वर्षानुवर्षं एकटीने निभावणाऱ्या बाईची नोंद आपल्याकडे कुठल्या सरकारी फॉर्मवर होते?

पुण्याहून धाकटी बहीण म्हणाली, "ताई, चार पैशांसाठी कशाला वाद? सोडून दे." चार पैसे नाहीत गं ते! डिपेंडंटचं ५०० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे थेट करातून वजा होणारी रक्कम, शिवाय कॉलेजच्या खर्चावरचं २,५०० पर्यंतचं, आणि एकटीने घर चालवणाऱ्यांसाठीचा, हेड ऑफ हाउसहोल्डचा कमी कर. फी बाबांनी भरली तरी कॉलेजचं क्रेडिट जो तिला डिपेंडंट दाखवतो त्यालाच मिळतं. हे त्यांना खुपतं, आणि ते मी समजू शकते. पण एकट्याने रिटर्न भरणाऱ्याचं उत्पन्न ९०,००० डॉलरच्या वर गेलं की हे कॉलेजचं क्रेडिट मिळतच नाही. त्यांचं कधीच गेलंय. म्हणजे मी गप्प बसले असते तर ते पैसे लेकीच्या दोन्ही घरांपैकी कुठेच आले नसते.

आयपी पिन, म्हणजे रिटर्न आपलंच आहे हे पटवणारा आयआरएसचा गुप्त नंबर, घेऊन मी पुन्हा ई-फाइल केलं. पिन असेल तर २०२५ पासून असं रिटर्न घेतात, पूर्वी कागदी पाठवावं लागायचं. आता दोघांनाही पत्र येऊ शकतं, की ज्याचा दावा चुकीचा असेल त्याने रिटर्न दुरुस्त करावं. माझ्या घरचा पत्ता असलेलं पत्र मी कॉलेजकडून मागवून ठेवलंय. लेकीला मात्र यात साक्षीला ओढायचं नाही, हे तिच्या बाबांनी आणि मी फोनवर ठरवलंय.