तुम्ही विचारलंत म्हणून : घरात दोन राऊटर जोडताना

गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं गावी यायला लागली की हा प्रश्न मला हमखास येतो. “जुना राऊटर कपाटात पडून आहे. नव्याला जोडला तर मागच्या खोलीत रेंज येईल का? आणि दोन राऊटर एकमेकांशी भांडतात म्हणे?” फोनवर याचं अर्धंच उत्तर देता येतं, म्हणून इथे नीट लिहितो.

रेंज येते, नक्की येते. आमच्या रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या घरांत तर दुसरा राऊटर जवळपास लागतोच. भिंती जाड, त्यात पावसाळाभर ओल धरून बसणाऱ्या. फायबरची वायर ओटीवर येते, राऊटर तिथेच बसतो आणि माजघर ओलांडून मागच्या पडवीत पोहोचेपर्यंत सिग्नलचा जीव गेलेला असतो. वायफायचे सिग्नल दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचा. ५ चा वेगवान खरा, पण भिंतीपुढे तो २.४ पेक्षा लवकर हार मानतो.

आता भांडणाचं. आपण ज्याला राऊटर म्हणतो त्या एका डब्यात चार कामं चालतात. बाहेरच्या इंटरनेटशी घराची गाठ घालून देणं, घरातल्या प्रत्येक फोनला-लॅपटॉपला पत्ता वाटणं, वायफाय पसरवणं आणि मागच्या लॅन पोर्टांत लावलेल्या वायरी एकमेकींना जोडणं. दुसऱ्या राऊटरकडून आपल्याला फक्त शेवटची दोन कामं हवी असतात. तोही पत्ते वाटायला लागला की गोंधळ होतो. एकाच वर्गात दोन मास्तरांनी आपापले हजेरी क्रमांक द्यावेत, तसं. काही फोन पहिल्याकडून पत्ता घेतात आणि चालतात. काही दुसऱ्याकडून घेतात आणि त्यांना बाहेरची वाटच सापडत नाही. वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. “कधी चालतं, कधी नाही” ही तक्रार ऐकली की मी आधी हेच तपासतो.

म्हणून क्रम सांभाळा. दुसरा राऊटर पहिल्याला जोडण्याआधी एकटाच चालू करा, लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टात लावा आणि त्याचं सेटिंगचं पान उघडा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवणं) असा पर्याय दिसला तर तोच निवडा, बरीचशी कामं तो स्वतः करतो. तसा पर्याय नसेल तर पहिल्याचा पत्ता बघून घ्या. समजा तो १९२.१६८.१.१ आहे आणि शेवटचा आकडा १०० पासून २०० पर्यंत असलेले पत्ते तो वाटतो. मग दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या, म्हणजे वाटपाच्या रांगेबाहेरचा. पत्ता बदलल्यावर पान तुटतं, घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. वायफायचं नाव, पासवर्ड लावून घ्या आणि सर्वांत शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. मग पहिल्याच्या लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात वायर. दुसऱ्याचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची वायर लावायचा, रिकामा राहू द्या. (ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये बहुतेक राऊटर वॅन पोर्टही चालवून घेतात.)

वायर वॅनमध्ये लावली तरी इंटरनेट बरेचदा चालतं, त्यामुळे अनेकजण तसंच सोडून देतात. पण मग घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. पडवीतल्या लॅपटॉपला ओटीवरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर जात नाही. भाडेकरूला वेगळं ठेवायचं म्हणून मुद्दाम असं करणारेही भेटतात आणि भाडेकरूला दुसऱ्या राऊटरवर बसवतात. हे उलटं आहे. दुसऱ्याच्या मागे बसलेल्याला पहिल्यावरच्या गोष्टींपर्यंत, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यापर्यंत (डीव्हीआर), जाता येतं. भाडेकरूसाठी पहिल्यावर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर ते वापरा.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळे. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. चालता चालता कोणत्या राऊटरला धरायचं हे फोन ठरवतो आणि काही फोन आधी धरलेल्यालाच चिकटून राहतात. पडवीत येऊनही फोन पहिल्याला सोडत नसेल तर पहिल्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद) थोडी कमी करून बघा.

वायरीबद्दल मी हट्टी आहे. रिपीटर (वायफायचा सिग्नल हवेतूनच घेऊन पुढे पाठवणारा डबा) भिंतीत खोचला की काम झालं असं वाटतं, पण एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा साधा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. वायर एकदा टाका. कॅट ५ई ही साधी नेटवर्कची वायर सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. घेताना पूर्ण तांब्याची आहे का विचारा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास मिळते. अंगणातून गोठ्याकडे किंवा शेजारच्या घराकडे न्यायची असेल तर तांबं नकोच. आमच्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा पडतात, आणि बाहेरून गेलेली तांब्याची वायर दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाऊ शकते. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर यांची गाठ घालणारा छोटा डबा) लावा.

जुन्या राऊटरचे दोन गुण मात्र आधी तपासा. त्यात डब्ल्यूपीए२ हा वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नसेल तर तो वापरू नका. आणि त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील तर ३०० चा प्लॅन असूनही पडवीत शंभराच्या आतच वेग मिळेल. ऑफिसच्या मीटिंगला तेवढा पुरतो, नवा घ्यायची घाई नको.

वीज गेली तर दोन्ही राऊटर, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही, बॅकअपवर हवेत. छोटा यूपीएस घेताना प्रत्येक ॲडॅप्टरवरचा आकडा वाचा. एक १२ व्होल्टचा, दुसरा ९ चा असं सर्रास असतं आणि पिन मात्र दोन्हीकडे सारखीच बसते.