वहीतलं क्रियापद : अनसेटल

मंडळी, इंग्रजी बोलण्याच्या सरावाच्या वहीत या महिन्यात एकच क्रियापद घेतलं, अनसेटल. सोबत त्याच्या चुलत बहिणी, म्हणजे जवळच्या अर्थाची क्रियापदं, आपोआप आल्या, त्यांच्याबद्दलही लिहितो. नियम नेहमीचाच: वाक्य आपल्या रोजच्या जगण्यातलं हवं आणि ते मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे.

सेटल हा शब्द आपल्या खान्देशात घरोघरी आहे. ‘पोरगा पुण्यात सेटल झाला का?’ हे तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. हिशेब सेटल, भांडण सेटल. त्यामुळे अनसेटल म्हटलं की आधी ‘अजून नोकरीचं काही जमलेलं नाही’ असा अर्थ डोक्यात येतो. इंग्रजीत त्याचं मुख्य काम निराळं आहे. मनाची बसलेली घडी विस्कटवणं, हे ते काम. सेटल हे जुन्या इंग्रजीतल्या आसनवाचक शब्दाच्या कुळातलं, म्हणजे आपलं ‘बसणं’च. एकदा हे कळलं की हवामानाच्या अंदाजातलं ‘अनसेटल्ड वेदर’ही समजतं आणि शेवभाजीनंतरचं ‘अनसेटल्ड स्टमक’ही.

खरी मेहनत वाक्याच्या रचनेवर झाली. आपण बोलताना ‘मला अस्वस्थ वाटलं’ म्हणतो. अहिराणीत ‘माले वाईट वाटनं’. सुरुवात ‘मला’नं होते, म्हणून इंग्रजीतही तोंडात आधी ‘आय’ येतो: आय फेल्ट, आय वॉज फीलिंग. अनसेटलला ती सुरुवात चालत नाही. ज्यानं घडी विस्कटली ते आधी येतं, आणि ज्याची विस्कटली तो मागून.

यावर उपाय मराठीतच सापडला, आणि या महिन्याची सगळ्यात मोठी कमाई मी तीच मानतो. ‘खटकणं’ घ्या. त्याचा अबोला मला खटकला. त्याची नजर मला खटकली. त्याचं हसणं मला खटकलं. क्रियापद बदलतंय ते अबोला, नजर, हसणं यांच्या मागे, ‘मला’ जागचा हलत नाही. म्हणजे कारणाला कर्त्याची जागा द्यायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, फक्त तिथून वाक्य उचलायचं. हिज सायलेन्स अनसेटल्ड मी. हिज लुक अनसेटल्ड मी. अर्थ तंतोतंत एक नाही, खटकण्यात थोडा आक्षेप आहे आणि अनसेटलमध्ये तो असेलच असं नाही, पण साचा अगदी चपखल बसतो. बोचणं, खुपणं, झोंबणं यांच्यावरही करून बघा.

एक वाक्य कसं तयार झालं ते सविस्तर सांगतो. मामांची केळीची बाग सावद्याकडे आहे. मे-जूनमध्ये तिकडे वादळी वाऱ्याची धास्ती असते, घडांनी लगडलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. त्या संध्याकाळी वारा एकाएकी पडला. केळीचं फाटकं पानसुद्धा हलेना. मामा बांधावर उभे राहून रावेरच्या दिशेला बघत म्हणाले, ‘हे काही बरं लक्षण नाही.’ मी वहीत लिहिलं: द स्टिलनेस अनसेटल्ड हिम. बरोबर होतं, पण कोरडं वाटलं. मामांना नक्की काय जाणवलं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि तेच वाक्यात यायला हवं होतं. शेवटी असं केलं: देअर वॉज समथिंग अनसेटलिंग अबाउट द वे द विंड ड्रॉप्ड. ‘समथिंग अनसेटलिंग अबाउट’ हा तुकडा पाठ करून ठेवा. कारण बोट ठेवून दाखवता येत नसेल, तेव्हा इंग्रजी माणूस बरेचदा हाच वापरतो.

इथेच शेपटीचा प्रश्न येतो. अनसेटलिंग म्हणजे घडी विस्कटवणारं, अनसेटल्ड म्हणजे विस्कटलेलं. मामा अनसेटल्ड, वारा अनसेटलिंग. ‘आय अ‍ॅम अनसेटलिंग’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल, माझ्यामुळे लोकांना धडकी भरते.

आता बहिणी. डिस्कन्सर्ट ही क्षणाची आहे: भर सभेत कुणी अनपेक्षित प्रश्न टाकला आणि वक्त्याचा सूर बिघडला, तर द क्वेश्चन डिस्कन्सर्टेड हिम. जोर शेवटच्या ‘सर्ट’वर द्यायचा. अननर्व्ह धीरच काढून घेते. अनसेटलचा परिणाम रेंगाळतो, रात्री अंथरुणात पडल्यावरही सोबत असतो. म्हणून मला ती जास्त आवडते.

फेझ म्हणजे डगमगवणं, पण तिची गंमत वेगळी. ही जवळजवळ नेहमी नकारातच येते. जळगाव-भुसावळ अप-डाऊन करणाऱ्यांना हिच्याइतकं शोभणारं क्रियापद नाही. गाडी भुसावळच्या आउटरला उभी राहते, नवखा प्रवासी दारातून वाकून सिग्नल बघतो, आणि नेहमीच्या मंडळींचा पत्त्यांचा डाव तसाच चालू. द लाँग हॉल्ट डिडन्ट फेझ देम. नकार काढून टाकला की वाक्य लंगडं वाटतं.

पर्टर्ब जरा कोट-टाय घातलेली. रोजच्या बोलण्यात ती बहुतेक ‘अनपर्टर्ब्ड’ होऊन येते, म्हणजे विचलित न झालेला. पण तिचा आकाशातला संसार मोठा आहे. एका ग्रहाच्या ओढीमुळे दुसऱ्याची वाट किंचित ढळते, त्याला खगोलशास्त्रात पर्टर्बेशन म्हणतात. युरेनस गणितानं सांगितलेल्या वाटेनं जाईना, म्हणून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाची जागा मांडली, आणि २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून जेमतेम एका अंशावर दिसला. हे वाचल्यापासून पर्टर्ब माझ्या मनातून पुसली जाणं शक्य नाही. अर्थ ‘वाटेवरून किंचित ढळवणं’ असा धरला की वाक्यं आपोआप सुचतात: द फॉल इन बनाना प्रायसेस पर्टर्ब्ड एव्हरीवन इन द व्हिलेज.

सध्या अडलोय ते ‘व्हॉट’नं सुरू होणाऱ्या वाक्यांपाशी. व्हॉट अनसेटल्ड मी वॉज दॅट नोबडी आस्क्ड एनीथिंग. मला खटकलं ते हे, की कुणी काही विचारलंच नाही. कागदावर येतं, बोलताना ‘वॉज दॅट’पाशी श्वास तुटतो. दोन्ही शब्द जोडून, वजन न देता, पटकन म्हणायचे आणि जोर ‘नोबडी’वर टाकायचा, असा सराव सकाळच्या गाडीत चालू आहे. हे जमलं की पुढचं क्रियापद अननर्व्ह घेणार. तुमच्याकडे तिचं शेतातलं किंवा बाजारातलं एखादं वाक्य तयार असेल तर सांगा, वहीचं पहिलं पान त्यासाठी कोरं ठेवलंय.