एका काउंटी पोलिस दलाचे दप्तर

इंग्लंडमधील एका काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पोलिस दलाच्या जुन्या दप्तराचे काम मी गेली तीन वर्षे दर मंगळवारी स्वयंसेवक म्हणून करीत आहे. भेटायला येणारी मंडळी प्रथम हेल्मेट पाहतात, मग राजमुकुट रंगवलेले लाकडी दंडुके पाहतात आणि कोपऱ्यातील वह्यांकडे पाठ फिरवून चहाला जातात. मला त्यांचा राग येत नाही. मात्र हेल्मेट टिकले आणि वही गेली, तर ते हेल्मेट कोणाच्या डोक्यावर होते हे सांगायला कोणीही उरत नाही.

लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलिस दल १८२९ साली उभे राहिले. ग्रामीण भागासाठीचा कायदा १८३९ चा. त्याने काउंटीच्या मॅजिस्ट्रेटांना पगारी पोलिस दल उभारण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. विल्टशरने त्याच वर्षी दल उभारले. एसेक्सने १८४० मध्ये मॅकहार्डी नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याला पहिला चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचा प्रमुख, नेमले. करदाते कुरकुरत होते आणि अनेक काउंट्यांनी या खर्चाकडे काणाडोळा केला. १८५६ च्या कायद्याने मात्र प्रत्येक काउंटीला दल ठेवणे भाग पडले. सरकारी निरीक्षकाने दल कार्यक्षम असल्याचा दाखला दिला, तर पगार आणि गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून मिळू लागला. पैसा दाखल्यावर अवलंबून असला की कागद नीट ठेवले जातात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

त्या कागदांत मला सर्वांत मोलाची वाटते ती भरतीची नोंदवही. नाव, वय, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, जन्मगाव, पूर्वीचा धंदा, लग्न झाले आहे की नाही, असे रकाने ओळीने भरलेले असतात. पूर्वीच्या धंद्याच्या रकान्यात ‘शेतमजूर’ हा शब्द इतक्या वेळा येतो की कारकुनाने पुढे त्याचे नुसते आद्याक्षर लिहायला सुरुवात केलेली दिसते. शेवटचा रकाना नोकरी संपल्याच्या कारणाचा असतो आणि पेन्शनपर्यंत पोहोचलेले फार थोडे असतात. दारूपायी काढलेले आणि राजीनामा देऊन गेलेले पुष्कळ. हवालदाराच्या बायकोसाठी मात्र कोठेही रकाना नाही. गावातल्या पोलिस घराचे दार रात्री-अपरात्री तीच उघडत असे आणि निरोप तीच लिहून घेत असे, पण दप्तराच्या लेखी ती फक्त ‘विवाहित’ या शब्दापुरती उरली.

बीटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या भागाच्या, वह्याही तशाच बोलक्या असतात. रात्रपाळीच्या कॉन्स्टेबलने ठरलेल्या वेळी ठरलेल्या चौरस्त्यावर सार्जंटला किंवा शेजारच्या बीटवरील सहकाऱ्याला भेटायचे, अशी पद्धत होती. एसेक्समधील कॉन्स्टेबल जॉर्ज गटरिज सप्टेंबर १९२७ च्या त्या पहाटे अशीच भेट आटोपून घरी परतत होता, तेव्हा चोरीच्या मोटारीतील माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढे काडतुसावरील खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवल्या गेल्या आणि १९२८ मध्ये दोघांना फाशी झाली. हा खून सर्वांना ठाऊक आहे, कारण त्यावर खटला चालला. ज्या हजारो रात्री काहीच घडले नाही, त्यांचा पुरावा केवळ बीटच्या वहीत असतो, आणि माझ्या मते पोलिस दलाचा खरा इतिहास त्या रात्रींचाच आहे.

या वह्या सांभाळण्याची सक्ती कित्येक दशके कोणावरही नव्हती. १९५८ चा सार्वजनिक अभिलेख कायदा मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या कागदांना लागू झाला आणि ते आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काउंटी दलांचे कागद त्या कायद्याच्या कक्षेत आले नाहीत, त्यामुळे ते ठेवायचे की टाकायचे हे ज्या त्या चीफ कॉन्स्टेबलच्या मर्जीवर राहिले. त्यात विलीनीकरणाची लाट आली. १९६८ मध्ये पूर्व ससेक्स, पश्चिम ससेक्स, ब्रायटन, हेस्टिंग्ज आणि ईस्टबोर्न या पाच दलांचे एक दल झाले. इतरत्रही १९७४ पर्यंत हेच घडत गेले. एक मुख्यालय रिकामे करायचे असले की कपाटे पुढच्या इमारतीत जातात आणि कपाटांतील वह्या कचऱ्याच्या ढिगात. आमच्याकडील शिक्षेची एक वही एका निवृत्त सार्जंटने अशाच ढिगातून उचलून तीस वर्षे माळ्यावर ठेवली होती. तसे करण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि त्याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

प्रत्यक्ष काम नीरस आहे. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कागद आम्लरहित पेट्यांत ठेवायचे, काचेच्या निगेटिव्ह उभ्या ठेवायच्या. लोकरी अंगरख्याला कसर लागली असेल, तर तो पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो. जुन्या वह्यांच्या चामड्याची तांबडी भुकटी होते आणि ती संध्याकाळपर्यंत बाहीवरून जात नाही.

गेल्या मंगळवारी एक छायाचित्र हाती आले. ठाण्यासमोर अकरा माणसे, मागे नाव नाही, साल नाही. कॉलरवरचे आकडे, म्हणजे आपल्याकडील बक्कल नंबर, भिंगातून सात जणांचे वाचता आले. पण एक माणूस गेला की त्याचा नंबर पुढच्याला मिळत असे, त्यामुळे आधी काळ ठरवावा लागतो. हेल्मेटवरील मुकुट व्हिक्टोरियाच्या घडणीचा नव्हता, म्हणून छायाचित्र १९०१ नंतरचे. एलिझाबेथच्या काळातलाही नव्हता, म्हणून १९५३ च्या आधीचे. गळ्यापर्यंत बंद कॉलर आणि दोघांच्या छातीवरील पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या फिती पाहून आम्ही १९२० च्या दशकापर्यंत आलो. नंबरांच्या वहीत सहा जण सापडले. सातव्या नंबरावर त्या दशकात दोन माणसे होऊन गेली होती, एक दुसऱ्यापेक्षा दोन इंच उंच. पण छायाचित्रातील तो माणूस खुर्चीवर बसलेला आहे. मी मऊ पेन्सिलीने पाकिटावर दोन्ही नावे लिहिली आणि मध्ये ‘किंवा’ लिहिले.